चिमीची आत्या लांब बसायची

"तुमच्या मुलीचा हिला राग येत नाही," डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या. "आपल्या हातून तिच्या पोटात विष जाईल, अशी भीती हिला वाटते. गेले पाच महिने, दिवसभर."

मी पल्लवीकडे पाहिलं. माझी नणंद. एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. खुर्चीच्या अगदी कडेवर, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसली होती. माझ्या मांडीवर दहा महिन्यांची चिमी टेबलावरचा पेन ओढायला धडपडत होती. पल्लवीने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. नंदुरबारच्या त्या खोलीत येईपर्यंत मला वाटत होतं, तिला चिमी डोळ्यांसमोर नको असते. तसं मी माहेरी, साक्रीला फोन करून आईला सांगितलंही होतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. थोडक्यात ओसीडी. मग समजावून सांगितलं. ऑब्सेशन म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार. कम्पल्शन म्हणजे तो विचार शांत करायला करावीच लागणारी गोष्ट. हात धुणं, भांडी पुन्हा घासणं, कुणाला तरी विचारत राहणं. गोष्ट केली की दोन मिनिटं बरं वाटतं. मग विचार परत येतो, आणि या वेळी जास्त जोरात येतो.

"पण चिमीच का?" मी विचारलं.

"ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्यालाच हा आजार धरतो," त्या म्हणाल्या. "हिला शेजारच्या बाळाची अशी भीती वाटणार नाही."

पल्लवी रडायला लागली. आवाज न करता, हात ओढणीतच ठेवून. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्या मांडीवर चिमी होती.

हे मी पल्लवीला विचारून लिहिते आहे. कुणाच्या घरात असंच काही चाललं असेल आणि त्यांना ते हट्ट, राग, नजर किंवा नणंद-भावजयीचं भांडण वाटत असेल, तर त्यांनी वाचावं म्हणून.

आमचं गाव कळसाडी, शहादा तालुक्यात. घरची कपाशी आणि ऊस. मी लग्न होऊन आले तेव्हा पल्लवी अकरावीत होती. मला या घरात रुळवलं ते तिने. सासरे, म्हणजे आप्पा, चहात साखर किती घेतात, सासूबाईंना कोणत्या गोष्टीचा राग येतो, छतावर मोबाइलला रेंज कुठे मिळते, सगळं तिने सांगितलं. चिमी झाली तेव्हा दवाखान्यात मला भेटण्याआधी ती पाळण्याकडे गेली. पहिले पाच महिने चिमीला तेल लावणं, शेक देणं, अंगाई, सगळं आत्याचं. माझ्याकडे ती फक्त दूध प्यायला यायची.

श्रावणात कपाशीवर फवारणी चालू होती. एका दुपारी पल्लवीने ओसरीतली औषधाची रिकामी बाटली उचलून कोपऱ्यात ठेवली. हात धुतले. मग कणीक मळली. आम्ही जेवायला बसलो आणि तिने अर्ध्या पोळीवर ताट सरकवलं. त्या दिवशी तिच्या मनात पहिल्यांदा आलं की हात नीट धुतले गेले नसतील. हे तिने आम्हाला सांगितलं जानेवारीत. तोपर्यंत आम्हाला जे दिसत होतं ते एवढंच : पोरगी सारखी मोरीत असते, साबणाची वडी दोन दिवसांत संपते, घासलेली भांडी परत घासते.

मग तिने चिमीला तेल लावणं बंद केलं. मग तिचे कपडे धुणं. मग चिमी रांगत तिच्याकडे गेली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. चिमी दारापर्यंत जाऊन रडायची. दिवाळीनंतर कॉलेजही बंद झालं. स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडेना. दाराशी उभी राहून दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायची, "वहिनी, मन्हामुये चिमीले काही व्हयनं नही ना?"

आपल्यामुळे चिमीला काही झालं तर नाही ना, एवढंच तिला ऐकायचं असायचं. सुरुवातीला मी प्रेमाने सांगायचे, काही नाही झालं. मग चिडून. मग मी उत्तर देता देता दार लावून घ्यायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "तिले नजर लागनी शे." मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. शेजारची एकजण मला म्हणाली, आता नणंदेचं लग्न उरकून टाका, तुमच्या पोरीवर जळते ती. मी तिला गप्प केलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

आजार ओळखला तो शहाद्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी. पल्लवीचे हात फाटून बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं, म्हणून मलम घ्यायला गेलो होतो. त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि मलमाबद्दल काही न बोलता विचारलं, "बेटा, दिवसातून किती वेळा धुतेस?" ती म्हणाली, "मोजता येत नाही." आणि तिथेच हमसून रडली. त्यांनी नंदुरबारच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, "मलम देतो. पण हात बरे व्हायचा रस्ता तिकडून आहे."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, दाखल करायची गरज नाही, पण महिन्यातून एकदा येऊन गोळ्या नेऊनही भागणार नाही. मधला मार्ग होता. इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्राम. म्हणजे राहायचं घरी, पण आठवड्यातून तीन दिवस, रोज तीन तास उपचार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते दोन. एकूण आठ आठवडे. त्यात एकट्याशी बोलणं, सहा-सात मुलामुलींचा गट, आणि दर शुक्रवारी घरच्यांबरोबर एक तास. सोबत एक गोळी, जिचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात.

घरी येऊन हे सांगितल्यावर आप्पा उठून उभे राहिले. "मन्ही अंडेर येडी नही शे," म्हणाले. माझी मुलगी वेडी नाही.

मी काही बोलायच्या आत पल्लवी पुढे आली आणि तिने ओढणीतून हात बाहेर काढून त्यांच्यापुढे धरले. महिनाभर ती हात लपवत होती. आप्पांनी ते पहिल्यांदा नीट पाहिले. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाचे हात तिच्या हातांपेक्षा मऊ दिसत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सोमवारनी गाडी कितला वाजता शे?"

कळसाडीहून शहाद्यापर्यंत काळीपिवळी, तिथून एसटी. प्रकाशाला तापी ओलांडली की नंदुरबार टप्प्यात येतं. साखर कारखान्यांचा हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरमागे बस रांगायची, म्हणून आम्ही आठलाच निघायचो. चिमी अंगावर पीत होती, तिला घरी ठेवणं शक्य नव्हतं. माझ्या मिस्टरांना ऊसतोडीमुळे शेतातून हलता येत नव्हतं. म्हणून आम्ही तिघी. मी आणि चिमी मागे, पल्लवी चार सीट पुढे, खिडकीशी. चिमी "आत्ता, आत्ता" करून हाका मारायची. पल्लवी मागे वळून पाहायची नाही.

प्रोग्रामची जागा म्हणजे एका घराचा वरचा मजला. खाली पायऱ्यांशी दोन बाकडी, तिथे आम्ही घरची माणसं बसायचो. त्या दिवसांत गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. वारा तिकडून आला की सगळं बाकडं एकदम खोकायचं, आणि अनोळखी माणसं त्या खोकल्यावरून बोलायला लागायची. नवापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातून एक बाई मुलाला घेऊन रेल्वेने यायच्या. घरी आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या, मराठी थांबत थांबत बोलायच्या. त्या रोज डोळे मिटून, ओठ हलवत प्रार्थना करायच्या आणि मग हात पुढे करून चिमीला मागायच्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा वरून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. त्या दचकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हा माझा. माझा हसला." दोन वर्षांनी, म्हणाल्या. आम्ही दोघी जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिलो, परत येतो का आवाज म्हणून.

वर गटात कोण काय बोललं, ते पल्लवीने मला कधी सांगितलं नाही. तो त्यांचा नियम होता. मीही इथे लिहिणार नाही. पहिल्या दिवशी परत येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "वहिनी, वर बठ्ठा चांगला पोरं शेतस. मी एकलीच नही." सगळी चांगली मुलं आहेत. हे ती अशा सुरात म्हणाली की मला कळलं, आतापर्यंत ती स्वतःला वाईट समजत होती.

उपचाराचं नाव होतं एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. एक्स्पोजर म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ हळूहळू जायचं. रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणजे तिथे गेल्यावर हात धुवायचे नाहीत, कुणाला विचारायचं नाही, भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. समुपदेशक सरांनी तिच्याकडूनच यादी करून घेतली. सगळ्यात खालच्या पायरीवर सोपं, वर अवघड. खाली होतं : ओसरीतल्या कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावून दहा मिनिटं तसंच बसणं. मध्ये : कणीक मळून तिच्या पोळ्या घरच्यांनी खाणं. सगळ्यात वर तिने लिहिलं होतं : चिमीला भरवणं.

एक गोष्ट सरांनी आम्हाला दोनदा बजावली. खऱ्या फवारणीच्या औषधाला हात लावायचा यात कुठेही प्रश्न नाही. ते विषच आहे, त्याला हात लागला तर कुणीही हात धुवायलाच हवेत. हा उपचार खऱ्या धोक्याशी खेळायचा नाही. धोका नसताना जी घंटा वाजते, तिची सवय मोडायचा आहे. आणि हे आपल्या मनाने घरी करायचं नसतं, शिकलेल्या माणसाबरोबर करायचं असतं.

घरच्यांनाही काम होतं, आणि खरं सांगते, ते फार जड होतं. तिने विचारलं की उत्तर द्यायचं नाही. "काही नाही झालं" हे आमचं प्रेमाचं वाक्यच आजाराला खाऊ घालत होतं. डॉक्टर त्याला रीअॅश्युअरन्स म्हणायच्या, म्हणजे धीर देणं. इतका धीर द्यायचा नाही, हे आम्हाला शिकवावं लागलं.

आम्ही ठरवलेलं उत्तर होतं, "माहीत नही, पल्लू. बस मन्हाजोडे." माझ्याजवळ बस.

पहिल्या दिवशी तिने सव्वीस वेळा विचारलं आणि मी सव्वीस वेळा हेच म्हटलं. सत्ताविसाव्या वेळी ती ओरडली, "तुले मन्ही कीव नही येस का?" आणि मोरीत जाऊन बसली. मी बाहेर उभी राहिले. आप्पांनी नियम पाळला तो कानात शेतीच्या बातम्या लावून. सासूबाई तोंडाने "माहीत नही" म्हणायच्या आणि मानेने नाही-नाही करायच्या. पल्लवीला त्या मानेतून हवं ते मिळायचं. शुक्रवारी सरांना हे कळलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "आईंची मानही प्रोग्राममध्ये घ्या." त्यानंतर तिने विचारलं की सासूबाई दोन्ही हातांनी हनुवटी धरून बसायच्या. पहिल्यांदा पल्लवीला त्यावर हसू आलं. भीती आणि हसू तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसलं.

गोळीने पहिला आठवडा मळमळ झाली, झोप उडाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बसमध्ये दोन सीट मागे सरकली. चौथ्यात आमच्या पुढच्याच सीटवर आली. चिमीने मागून तिची वेणी धरली. पल्लवीचा श्वास इतका जोरात चालला होता की मला ऐकू येत होता. तिने वेणी सोडवली नाही. प्रकाशापासून नंदुरबारपर्यंत चिमीच्या मुठीत ती वेणी होती.

घरी त्याच आठवड्यात तिने कणीक मळली. आम्ही सगळ्यांनी तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. ती समोर बसून आमचे चेहरे पाहत होती. आप्पांनी पाच खाल्ल्या. ते तीनच्या वर कधी जात नाहीत.

पाचव्या आठवड्यात चिमीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले.

गावात त्या दिवसांत बऱ्याच मुलांना तसं होत होतं. पण आदल्या दिवशी पल्लवीने चिमीची वाटी हातात घेऊन माझ्याकडे दिली होती. ती यादीतली पायरी होती. सकाळी चिमी मान टाकून माझ्या खांद्यावर पडली होती, सासूबाई मीठ-साखरेचं पाणी कालवत होत्या, आणि पल्लवी भिंतीला चिकटून उभी होती. ती काही विचारत नव्हती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

आणि मी वाटीकडे पाहिलं.

क्षणभरच. पण त्या क्षणात माझ्याही मनात येऊन गेलं, की खरंच काही लागलं असेल का हिच्या हाताला? पल्लवीने माझी नजर वाटीवर गेलेली पाहिली. ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

शहाद्याच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, व्हायरल आहे, दोन-तीन दिवसांत उतरेल. दुपारपर्यंत चिमीच्या पोटात पाणी टिकायला लागलं. पण पल्लवी जेवली नाही, आणि बुधवारी नंदुरबारला यायला नकार दिला. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या होत्या, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मी नसनू ते बठ्ठासनं बरं व्हई."

मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल. पूर्वी आम्ही असलं बोलणं "असं अभद्र बोलू नये" म्हणून झटकलं असतं. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं एक वाक्य जरी ऐकलं तरी थांबायचं नाही, फोन करायचा. मी लगेच फोन केला. त्या पल्लवीशी वीस मिनिटं बोलल्या. मरणाचा विचार येतो का, हे त्यांनी सरळ विचारलं. तसं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मग मला सूचना दिल्या. तिला एकटं ठेवायचं नाही. घरातली सगळी औषधं, फवारणीची आणि खायचीही, तिच्या हाती लागणार नाहीत अशा जागी कुलपात. आणि उद्या सगळ्यांनी या, शुक्रवारची वाट पाहू नका.

आप्पांनी फवारणीच्या बाटल्या पोत्यात भरल्या आणि दुसऱ्या गावच्या त्यांच्या भावाकडे नेऊन ठेवल्या. आल्यावर अंगणात आंघोळ केली, कपडे बदलले आणि पल्लवीच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. ती पलंगावर, ते खाली. तिला म्हणाले, "बेटा, आते मी आठेच शे." आता मी इथेच आहे. ऊसतोड चालू असताना आप्पा दिवसाढवळ्या घरात बसलेले मी तेव्हाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. माझे मिस्टरही आले. गोल करून बसलो. डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय झालं? पल्लवी म्हणाली, "वहिनीलाही वाटलं मी केलं. तिने वाटीकडे पाहिलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तिला धीरही मिळाला असता. पण खोटा.

मी म्हटलं, "हो. आलं माझ्या मनात."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. मी सांगितलं की चिमी महिन्याची असताना मी तिला घेऊन छतावर जायचे, तेव्हा कठड्याजवळ गेलं की मनात यायचं, आत्ता हातातून सोडली तर? माझ्या स्वतःच्या लेकराबद्दल. दोन-तीन पावलं मागे यायचे आणि कपडे वाळत घालायचे. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मिस्टरांनाही नाही.

पल्लवीने पहिल्यांदा मान वर केली.

"तुले बी?" ती म्हणाली. "तुले बी येस असा इचार?"

"येस," मी म्हटलं. "मले बी येस."

तेव्हा सासूबाई खाली बघत म्हणाल्या, पल्लवी लहान असताना विहिरीवर त्यांनाही तसंच व्हायचं. विहिरीजवळ तिला कधी कडेवर घेतलं नाही. आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेट होत होती.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "असे विचार जवळजवळ सगळ्यांना येतात. बाकीचे ते सोडून देऊन कपडे वाळत घालतात. पल्लवीचा मेंदू तो धरून ठेवतो. फरक तेवढाच. ती वाईट नाही आणि तुम्हीही नाही."

पल्लवी माझ्याकडे पाहून रडली आणि मध्येच हसली. म्हणाली, "आन् मी समजू, मीच राक्षस शे." मी उठून तिच्याजवळ गेले. या वेळी चिमी आप्पांकडे होती, माझे हात मोकळे होते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन आठवडे वाढवावे लागले. एका सोमवारी ती शहाद्याच्या स्टँडवरूनच परत फिरली. गोळीचा डोस बदलला. पण त्या दिवसापासून ती आमच्याशी खोटं बोलेना आणि आम्ही तिच्याशी. "आज मोरीत चार वेळा गेले," ती येऊन सांगायची. सासूबाई हनुवटी धरून ऐकून घ्यायच्या.

मार्चमध्ये चिमीच्या पहिल्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी ती स्वयंपाकघरात आली. मी वरण-भात कालवत होते. तिने माझ्या हातातून वाटी घेतली आणि चिमीसमोर मांडी घातली. पहिला घास उचलायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. भात सांडत होता. चिमीला कसलीच घाई नव्हती, ती सांडलेली शितं वेचून स्वतःच खात होती. मग तिने तोंड उघडलं. पल्लवीने घास भरवला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चिमी पुन्हा तोंड उघडून बसली होती. सगळी वाटी संपली. त्यानंतर पल्लवी तासभर चुलीजवळ बसून राहिली. मोरीत गेली नाही. मला काहीही विचारलं नाही. घामाने तिचा ड्रेस पाठीला चिकटला होता.

आमच्यासारख्यांना मला काही सांगायचं आहे. पाच महिने थांबू नका. मूल सारखं एकच विचारत असेल, सारखं धूत, तपासत, मोजत असेल, आवडत्या माणसापासून अचानक लांब जात असेल, तर आधी विचारा की त्याला कशाची भीती वाटते. तालुक्यात मानसोपचार डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयात विचारा, नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. आम्हाला रस्ता कातडीच्या डॉक्टरांनी दाखवला. मूल मरणाचं बोललं तर त्याच क्षणी मदत मागा. गोळी मनाने बंद करू नका. आणि बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोला. नवापूरच्या त्या मावशींचा अजून फोन येतो. त्यांचा मुलगा कुक्कुटपालनाच्या शेडवर कामाला जातो.

पल्लवी जूनपासून पुन्हा कॉलेजला जाते. दोन महिन्यांतून एकदा नंदुरबारला दाखवून येते, एकटी. विचार अजून येतात. कधीकधी रात्रीच्या जेवणाला बसताना ती सहज सांगते, आज आला होता, बसू दिला, गेला.

माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मागच्या महिन्यात मी दोन दिवस साक्रीला गेले. चिमी आता दूध सोडून जेवते, तिला पहिल्यांदा मागे ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीचा फोन आला.

"वहिनी, चिमीले ताप व्हता. आई शेतमा शे. डॉक्टरले फोन कया, मी औषध दिधं. आते झोपनी शे."

तापाचं औषध. तिने बाटली उघडून, टोपणात मोजून, स्वतःच्या हाताने चिमीच्या तोंडात घातलं होतं. घरात दुसरं कुणी नसताना. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन कानाशी घट्ट धरून उभी होते.

"ऐकी ऱ्हायनी ना?" पल्लवीने विचारलं.

"ऐकी ऱ्हायनी," मी म्हटलं. "तू जेवली का?"

"नही अजून. तिना पाय मन्हा मांडीवर शे. उठी गयी की जेवसू."

मी फोन ठेवला आणि वडिलांजवळ जाऊन बसले. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, पोरगी बरी आहे ना?

"दोघीही बऱ्या आहेत," मी म्हटलं.